पहिला ताव कोणाचा

पाव एका रुपयाने महाग झाला त्या आठवड्यात गावातल्या एका गृहस्थांनी लक्ष्मणला भर रस्त्यात अडवून चांगली वीस मिनिटं झापलं. लक्ष्मण म्हणजे आमच्या बेकरीचा फिरता पदेर, पाववाला. सायकलला मागे पांटलो, म्हणजे बांबूची मोठी टोपली बांधून, पों पों हॉर्न वाजवत तो घरोघर पाव पोचवतो. गृहस्थांचं म्हणणं असं की गोरगरिबांनी आता खायचं काय, तुम्हा पदेरांना माज आलाय, तुमच्यावर कोणीतरी धाड घातली पाहिजे. लक्ष्मणने मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं आणि त्यांचे चार पाव त्यांच्या हातात ठेवले.

त्याच संध्याकाळी मी मोपा विमानतळाच्या चढावरच्या बर्गरच्या हॉटेलात रिकामे क्रेट आणायला गेलो, तर हेच गृहस्थ सहकुटुंब रांगेत उभे. चार माणसं, चार बर्गर, एकेक साडेचारशेचा, वर बटाट्याच्या काचऱ्या वेगळ्या. मला बघून दिलखुलास हसले आणि म्हणाले, "दत्ताबाब, हांगचो पांव मात्र एकदम फस्क्लास हां." इथला पाव माझाच होता, हे त्यांना ठाऊक नव्हतं. मी सांगितलंही नाही. पण घरी पोचेपर्यंत स्कूटरवर एकटाच बडबडत होतो.

पाच रुपयांचा पाव सहाला झाला तर जिवावर येतं आणि साडेचारशेचा बर्गर हसत हसत गिळला जातो, हे गणित कुठल्या शाळेत शिकवतात? त्याचं उत्तर मला पुढे मिळालं, पण ते मिळेपर्यंत लक्ष्मणला गमावून बसलो होतो. ती हकिकत सांगायला बसलो आहे. ज्याला कंटाळा येईल त्याने सरळ पानं उलटून राशिभविष्य वाचावं.

मी तापट माणूस आहे, हे आधीच सांगून ठेवतो. चाळीस वर्षं भट्टीच्या तोंडाशी उभा राहिलेला माणूस थंड कसा राहील, असं मी म्हणतो. आमची मंगला म्हणते, भट्टीला उगाच दोष देऊ नका, तुम्ही लहानपणापासून असेच आहात असं तुमची आईच सांगायची.

आमचं घर गोव्यातल्या पेडण्याचं, भातशेतीचं. माझ्या आजोबांनी जन्मात पाव तोंडात घातला नाही, बाटल्याचं पाप लागेल म्हणून. वडिलांनी बेकरीच विकत घेतली. मिंगेल नावाचा म्हातारा पदेर होता, त्याची मुलं परदेशी गेली, धंदा चालवायला कोणी राहिलं नाही. लोक हसले, की ह्या शेतकऱ्याला पावातलं काय कळतं. मिंगेलने वर्षभर रोज येऊन वडिलांना आणि मला शिकवलं, एक पैसा घेतला नाही. आजोबांनी विटाळ मानला, बापाने फोर्न विकत घेतला आणि मी त्यात बर्गरचा बन भाजला. तीन पिढ्यांत आम्ही कुठून कुठे आलो बघा.

फोर्न म्हणजे आमची भट्टी. चिरे आणि मातीचा घुमट, आत दोन माणसं आडवी झोपतील एवढी जागा. पहाटे लाकडं पेटवायची. घुमट आधी काजळीने काळा होतो, मग तापून पांढरा पडतो. पांढरा पडला की निखारे बाहेर ओढायचे आणि ओल्या गोणपाटाने तळ पुसून काढायचा. त्या क्षणी आत जो ताव असतो तो दिवसातला सगळ्यात मोठा. तो एकदाच मिळतो, त्यानंतर उतरतच जातो. आमचा सगळा धंदा म्हणजे ह्या उतरत्या तावाच्या मागे धावणं. पहिला ताव पोईचा. पोई म्हणजे कोंडा लावलेला चपटा पाव. रागीट तावात टाकली की दोन-तीन मिनिटांत टम्म फुगते आणि पोटात पोकळी धरते. ताव कमी पडला तर फुगत नाही, नुसती वाळते. पोईनंतर गोल उंडे, मग फुलपाखरासारखे कातरे पाव, आणि शेवटी उरलेल्या उबेवर काकणां, म्हणजे चहात बुडवून खायच्या त्या कडक कड्या. हा क्रम मिंगेलच्या बापजाद्यांपासून चालत आला होता.

मिंगेलने आणखी एक रीत घालून दिली होती. पहिली पोई फिरणाऱ्याची. फोर्नातून बाहेर आलेली पहिली पोई फिरत्या पदेराच्या हातात द्यायची. त्याने ती फाडून बघायची, वास घ्यायचा, घास खायचा आणि मग म्हणायचं, "फिरवतो." तो शब्द आल्याशिवाय टोपली भरायची नाही. मिंगेल म्हणायचा, लोकांच्या दारात तोंड तो दाखवणार आहे, तू नव्हे.

लक्ष्मण चंदगडकडचा. विशीही उलटली नव्हती तेव्हा कुठल्याशा बांधकामावर आला, काम संपलं, गावी परत न जाता आमच्याकडे राहिला. त्याला सव्वीस वर्षं झाली. अबोल माणूस. दिवसात तो मोजून दहा शब्द बोलत असेल, त्यातला पहिला "फिरवतो". कोणाला पोई कडक लागते, कोणाच्या घरी पाहुणे आलेत, कोणती म्हातारी दोन दिवस दार उघडत नाही, हे सगळं त्याच्या डोक्यात. गावाची झोप मोडायची ती त्याच्या हॉर्ननेच. हॉर्न त्याने स्वतः विकत घेतलेला, पितळेचा, काळ्या रबरी फुग्याचा. रोज आधी हॉर्न पुसायचा, मग तोंड धुवायचं, असा त्याचा शिरस्ता.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना सुदेश आला. सुदेश डिचोली तालुक्यातला, शिरगावच्या बाजूचा. वडिलांचे खाणीवर दोन ट्रक चालायचे. खाणी बंद पडल्या, ट्रक दारात उभे राहून गंजले आणि पोरगा बोटीवर गेला. आमच्याकडे बोटीवर गेला म्हणजे प्रवासी जहाजाच्या स्वयंपाकघरात लागला. आठ वर्षं तिथे काढून परत आला आणि विमानतळाच्या रस्त्यावर त्याने बर्गरचं हॉटेल टाकलं. साधंसुधं नव्हे, भारीतलं. बर्गरच्या आत काय काय असतं त्याची मी चौकशी केली नाही, माझा संबंध पावापुरता.

तो माझ्याकडे रुमालात गुंडाळून एक बन घेऊन आला, परगावच्या बेकरीचा. म्हणाला, "दत्ताबाब, असो पांव तुमच्या फोर्नांत जातलो?" मी बन दाबून बघितला. म्हटलं, ह्यापेक्षा चांगला होईल. नाही म्हणणं माझ्या स्वभावात नाही, ही माझी जुनी खोड.

बर्गरचा बन म्हणजे मोठं अवघड काम असतं, हे बाहेरच्याला कळायचं नाही. तो जिभेला मऊ लागला पाहिजे आणि तरी आतल्या रसात दहा मिनिटं तग धरून राहिला पाहिजे. खाताना तळ गळून मांडीवर पडला तर साडेचारशे देणारा माणूस ते विसरत नाही. म्हणून पिठात दूध, लोणी, थोडी साखर. पण दूधसाखरेचं पीठ रागीट तावात गेलं की वरून कोळसा आणि आतून कच्चं. त्याला शांत ताव लागतो. आणि गरम असताना कापला तर आत लगदा होतो, दोन तास निववावाच लागतो. आमच्या पहिल्या तीन घाण्यांचे बन कुत्र्याने खाल्ले. चौथ्या घाण्याचा त्याने हुंगला आणि निघून गेला. सुदेश रोज दुपारी येऊन बनात रसरशीत तुकडा घालायचा आणि मनगटावरचं घड्याळ बघत दहा मिनिटं गप्प बसायचा. नवव्या घाण्याला दहा मिनिटं झाली, पंधरा झाली, बन हलला नाही. सुदेश उठून माझ्या पाया पडला. मी वर वर म्हटलं, असू दे असू दे. पण खोटं कशाला बोलू, त्या रात्री मला आनंदाने जेवण गेलं नाही.

हॉटेल चाललं. चाललं म्हणजे अक्षरशः धावलं. सुरुवातीला वाटलं विमानातून उतरणारे परदेशी आणि दिल्लीवाले खात असतील. पण क्रेट आणायला जाऊन जाऊन माझ्या लक्षात आलं की निम्मी गर्दी आपलीच. टॅक्सीवाले, पंचायतीतले कारकून, औद्योगिक वसाहतीत कामाला असलेली बेळगाव-कोल्हापूरकडची पोरं, कॉलेजच्या मुली. मला राग यायचा. म्हणायचो, पैसा खुळखुळतोय पोरांच्या खिशात, उधळतायत.

एकदा एका जोडप्याशेजारी बसायची वेळ आली. दोघंही विमानतळावर नोकरीला, लग्नाला वर्ष झालेलं, पेडण्यात एका खोलीत भाड्याने राहायची. मी वयाचा फायदा घेऊन सरळ विचारलं, बाबांनो, एवढे पैसे एका घासावर का घालवता, साठवून घर बांधा की. मुलगा चिडला नाही. म्हणाला, "काका, इथे घर घ्यायचं म्हटलं तर आमचे दोघांचे पगार जन्मभर साठवून पुरायचे नाहीत. पण ह्या हॉटेलातली सगळ्यात भारी वस्तू मी भाव न विचारता मागवू शकतो. अशी दुसरी जागा मला दाखवा." ज्या पठारावर तो बसला होता तिथल्या जमिनीचा भाव आता मीही विचारायला धजत नाही.

सुदेशचे वडील गल्ल्यापाशी बसून असायचे, त्यांना मी हे सांगितलं. ते म्हणाले, खाण चालू होती तेव्हा आम्ही सोनं केलं, ट्रक घेतले, घरावर स्लॅब घातला, वाटलं पिढ्यान्पिढ्या टिकेल. एका सकाळी सगळं बंद पडलं. "पोरां खातात ती बरी. गिळ्ळेलो घास कोण बंद पाडता?" त्या दिवसापासून मी उधळपट्टी हा शब्द जरा जपून वापरतो. माणसाकडे पैसा फार झाला म्हणून तो भारी बर्गर खातो असं नाही. मोठं काही घेता येत नाही म्हणून छोट्यातलं मोठं घेतो. पण एक रुपयासाठी लक्ष्मणला का झापतो, हे मला अजून कळलेलं नव्हतं.

चतुर्थी झाली, पर्यटकांचा हंगाम सुरू झाला आणि सुदेशने सकाळच्या विमानाच्या प्रवाशांसाठी हॉटेल नऊलाच उघडायचं ठरवलं. म्हणजे त्याची गाडी माझ्याकडे सातला येणार. म्हणजे बन पाचला बाहेर पडून निवायला लागले पाहिजेत. म्हणजे पोईच्या आधी बन.

मी स्वतःला शहाणा समजतो, तिथेच घात झाला. मी म्हटलं, फोर्न मधलाच तापवू. फार रागीट नाही, फार शांत नाही. आधी बन काढू, मग लगेच पोई टाकू, लाकूडही वाचेल. चाळीस वर्षं फोर्नापुढे उभा राहिलेल्या माणसाने हे म्हणावं! दुधाला आणि चहाला एकाच भांड्यात उकळून दोन्ही वेगळे मिळतील असं म्हणण्यासारखं होतं ते.

पहिल्या दिवशी फोर्नातून पहिला बाहेर आला तो बन. मी थट्टेने तो लक्ष्मणच्या हातात दिला आणि म्हटलं, घे, आज साहेबी नाश्ता. त्याने बन हातात धरला, बघितला आणि फळीवर ठेवून दिला. मग पोई येईपर्यंत उभा राहिला. पोई आल्या त्या चपट्या. त्याने एक फाडली. आत पोकळी नव्हती. "फिरवतो" म्हणाला नाही. माझ्या ते लक्षात आलं होतं. लक्षात न आल्यासारखं करून मीच टोपली भरली, हे मला इथे लिहायलाच हवं.

असे तीन आठवडे गेले. टोपली रिकामी यायची ती आधी तळाशी चार पोई घेऊन परत यायला लागली, मग चतकोर टोपली, मग अर्धी. गावात कोणी एका शब्दाने तक्रार केली नाही. मी म्हटलं, तक्रार नाही म्हणजे ठीक आहे, लोक हल्ली पाव कमी खातात, डॉक्टरांनी सगळ्यांना मैदा बंद केलाय. माणूस स्वतःला काय काय सांगतो.

एका सकाळी लक्ष्मणने भरलेली टोपली सायकलवरून खाली उतरवली आणि माझ्यापुढे ठेवली.

"मालक, ह्यो माल मी फिरवणार न्हाई."

माझं डोकं फिरलं. दोन कामगार बघत उभे होते, सुदेशची गाडी दारात उभी होती. मी ओरडलो, की पीठ माझं, फोर्न माझा, सायकलही माझी. तुझं काम फिरवायचं, चव घ्यायचं नाही. सव्वीस वर्षं पाव फिरवलेल्या माणसाला मी हे बोललो. त्याने खिशातून पाना काढला, शांतपणे सायकलच्या दांड्याचा हॉर्न सोडवला आणि पिशवीत घातला.

"हॉर्न तेवढा माझा हाय," एवढंच म्हणाला आणि चालता झाला. दुपारी कळलं, वास्कोला मेव्हण्याकडे गेला, बंदरात मजुरीला लागणार आहे.

दुसऱ्याच दिवशी सुदेश आला. त्याच्या मनात वाईट नव्हतं, त्याला त्याचा धंदा दिसत होता. म्हणाला, बरंच झालं, गावचा पाव बंद करा, अख्खा फोर्न मी घेतो, वर्षाचं लिहून देतो. फिरणं नाही, परत येणारी टोपली नाही, रुपयासाठी कोणाच्या शिव्या नाहीत. खरं सांगतो, मी निम्मा तयार झालो होतो. साठीचा माणूस मी, मुलगी पुण्याला, बेकरीत यायची नाही. मंगलाला विचारलं. ती विहिरीवर पिठाच्या पराती घाशीत होती. हात न थांबवता म्हणाली, "करा. पण मग सकाळचे गावातून जाताना तोंडावर टॉवेल घेऊन जा."

मी सुदेशकडून आठ दिवस मागून घेतले. आणि नवा पदेर मिळेपर्यंत म्हणून स्वतःच सायकल काढली. हॉर्न नाही. प्रत्येक दारात उभं राहून "पाव आला हो" म्हणून ओरडायचं. पहिल्या दिवशी चढावर दोनदा उतरून सायकल ढकलली. लक्ष्मणने हा चढ सव्वीस वर्षं कसा काढला, हे मी त्याला कधी विचारलं नव्हतं. लोक दारात येऊन मला बघून चपापायचे. आधी विचारायचे ते पावाचं नव्हे, लक्ष्मण कुठे? आजारी आहे का? मी काहीतरी पुटपुटायचो.

आमच्या गावात एक निवृत्त गुरुजी आहेत, मला चौथीपर्यंत त्यांनीच शिकवलं. फाटकावरच्या खिळ्याला त्यांची कापडी पिशवी टांगलेली असायची आणि लक्ष्मण त्यात चार पोई टाकायचा. मी गेलो तर खिळा रिकामा. हाक मारली. गुरुजी बाहेर आले, एक पोई मागितली, अंगठ्याने दाबली आणि माझ्या हातात परत दिली. पन्नास वर्षांपूर्वी चुकलेल्या वजाबाकीची पाटी अशीच परत मिळायची.

म्हटलं, गुरुजी, बोलला का नाहीत कोणी? सांगायचं होतं.

ते म्हणाले, "दत्ता, माझा मुलगा त्या बर्गरसाठी अर्धा तास उन्हात उभा राहतो. तो वाईट निघाला तर तो भांडेल, कारण तो स्वतः चालत गेला होता. पाव आपणहून दारात येतो. आपणहून येणारी वस्तू बिघडली तर माणूस भांडत नाही रे, पिशवी टांगायची बंद करतो."

मग मी त्यांना तो रुपयाचा प्रश्न विचारला. गुरुजी हसले. म्हणाले, बर्गर ही हौस, तिचा भाव आपण ठरवून देतो. पाव हा हक्क वाटतो. हक्काचा भाव वाढला की कोणीतरी आपल्याला फसवलं असं वाटतं. जो माणूस एका रुपयासाठी भांडला तो पावाला स्वतःचा समजत होता, एवढं तरी लक्षात घे. आता तोही भांडत नाही, बघितलंस ना?

बघितलं होतं. त्या गृहस्थांच्या दारात मी सकाळीच तीनदा ओरडलो होतो. खिडकीतून पाकिटातल्या पावाचा रॅपर दिसत होता, आणि ते आतूनच हात हलवून नको म्हणाले होते. अगदी गोड हसून. त्यांनी मला चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मी सायकल वळवून घरी आलो आणि आठ दिवस पुरे व्हायची वाट न बघता सुदेशकडे गेलो. म्हटलं, उद्यापासून फोर्न पुरता तापणार, पहिला ताव पोईचा. बन नेहमीच्या जागी, उतरत्या तावात. तुझी गाडी दहाला पाठव. बारापर्यंत बन निवतील, मग काप. सुदेश भडकला. सकाळच्या प्रवाशांना काय घालू? मी म्हटलं, कांदेपोहे घाल. तो म्हणाला, दुसरा बेकरीवाला बघतो. मी म्हटलं, बघ. बोलताना आवाज चढा होता, पण घरी येऊन हिशेब न करताच मला कळत होतं की बन गेले तर बेकरी फार दिवस चालायची नाही. गाव आधीच अर्धं गेलं होतं. पण ठरलं ते ठरलं. बुडायचंच असेल तर चांगली पोई भाजून बुडू.

सुदेश खरंच आठ दिवस दुसरीकडून बन आणत होता. विजेच्या भट्टीतले, दिसायला माझ्यापेक्षा देखणे. ते रसात गळले. नवव्या दिवशी त्याची गाडी मुकाट्याने दहा वाजता माझ्या दारात येऊन उभी राहिली. पण पोरगा खाणवाल्याचा, तोही हट्टी. त्याने हॉटेलवर पाटी लावली, "लाकडाच्या फोर्नातला पाव. दुपारी बारानंतर, संपेपर्यंत." आणि बर्गर पन्नास रुपयांनी महाग केला. मला वाटलं आता गिऱ्हाईक पळणार. झालं उलटंच, साडेअकरापासून लोक येऊन उभे राहायला लागले. न मिळालेले दुसऱ्या दिवशी लवकर यायला लागले. मी कपाळावर हात मारून घेतला. दिवसभर मिळत होता तेव्हा गर्दी होती, मिळेनासा झाला तेव्हा जत्रा.

पण हे नंतरचं. सुदेशला सांगून आलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी, फोर्न कामगारांवर सोपवून, मी सरकारी बस धरून वास्कोला गेलो. लक्ष्मण बंदराच्या फाटकाबाहेर टपरीवर चहा घेत होता. अंगावर सिमेंटची धूळ. मी शेजारी बसलो. माफी मागायची सवय नाही. शेवटी म्हटलं, फोर्न आज पुरता तापवला. घुमट पांढरा झाला होता.

त्याने चहाचा एक घोट घेतला. मग विचारलं, "पहिली पोई?"

"तुझी."

"आनि मी न्हाई म्हनलो तर?"

"तर त्या दिवशी गावाला पाव नाही."

त्याने ग्लास ठेवला. पगाराचं, सायकलचं, मी जे बोललो होतो त्याचं, कशाचंही नाव काढलं नाही. दुसऱ्या सकाळी उजाडायच्या आत पिशवी घेऊन दारात हजर. आधी पाना काढून हॉर्न बसवला, मग हात धुऊन फोर्नापाशी येऊन उभा राहिला. मी पहिली पोई लांब फावड्याने बाहेर ओढली आणि त्याच्या हातात दिली. त्याने फाडली. आतून वाफ आली. त्याने वास घेतला, घास तोडला, सावकाश चावला. दोन्ही कामगार हात थांबवून उभे.

"फिरवतो," तो म्हणाला.

शब्द दिला की तो पाळायची वेळ येतेच. दोन महिन्यांनी लाकूड ओलं निघालं, घुमट काळाच राहिला आणि पोई बसल्या. लक्ष्मणने पहिली पोई फाडली आणि मान हलवली. मी टोपली भरली नाही. सगळ्या पोई गुरांना घातल्या, फोर्न पुन्हा पेटवला, तोपर्यंत ऊन वर आलं. गावाला त्या दिवशी पाव मिळाला नाही आणि सुदेशचा बर्गर दुपारी तीनपर्यंत विकला गेला नाही. दिवसभर मला शिव्या बसल्या, पेडण्यापासून मोपापर्यंत. इतक्या दिवसांनी कोणीतरी भांडत होतं, मी त्या सगळ्या मन लावून ऐकल्या.

गाव परत आलं, पण सगळं नाही. गुरुजींची पिशवी खिळ्यावर आली. बाकीचीही एकेक आली. सात घरं मात्र गेली ती गेली, पाकिटातल्या पावाला लागली. त्यात ते गृहस्थही. ही सात घरं माझ्या चुकीची आहेत, बर्गरची नव्हेत. सुदेशने त्याचं काम केलं, लोकांनी त्यांची हौस केली. पहिला ताव कोणाला द्यायचा हे माझं काम होतं.

लक्ष्मण रोज त्या सातही फाटकांपुढे थांबतो. पाय टेकतो, हॉर्न दोनदा वाजवतो, वाट बघतो आणि पुढे जातो. एकदा मी म्हटलं, कशाला रे वेळ घालवतोस, ते घेत नाहीत हे ठाऊक आहे ना?

तो हॉर्न पुसत होता. मान वर न करता म्हणाला, "पाव त्यांनी बंद केलाय, मालक. मी वाट बंद केल्याली न्हाई."

सातातली दोन फाटकं उघडली आहेत. पाच राहिली.